प्रतिसाद: ऑकला पाचशे पावत्या चालतात, वीस हजारांना अडकतो

सांगली मार्केट यार्डातल्या हळद सौद्यांच्या पावत्या तुम्ही पायथनमधून ऑकला (awk, ओळीओळीने मजकूर हाताळणारा प्रोग्राम) देताय. आधी सगळ्या त्याला लिहायच्या, मग त्याचं उत्तर वाचायचं. गडबड त्या क्रमातच आहे, ऑक बिचारा निर्दोष.

लिनक्सवर पाइपमध्ये (एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे मजकूर नेणाऱ्या नळीत) साधारणपणे 64 केबी मावतात. ऑक ओळी वाचता वाचताच उत्तर सोडतो. ते कुणी उपसत नाही, पाइप तुंबतो, ऑक थांबतो. मग त्याच्याकडे जाणारा पाइपही भरतो आणि तुमचं राइट अडकतं. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. पाचशे ओळी त्यात मावून जातात, म्हणून चाचणीत हे दिसलंच नाही.

राइट-रीड काढा, सगळा मजकूर पायथनच्या सबप्रोसेसमधल्या कम्युनिकेटला (communicate) द्या. तो दोन्ही बाजू एकदम सांभाळतो. एररचा पाइप (stderr) उघडून न वाचणं किंवा वाचण्याआधी वेट करणं (wait, प्रोसेस संपायची वाट बघणं), हाही तोच सापळा.

एकेक ओळ देऊन लगेच उत्तर हवं असेल तर मात्र कम्युनिकेट कामाचा नाही, तो प्रोसेस संपेपर्यंत थांबतो. तिथे ओळीनंतर फ्लश करा (साठलेलं लगेच पुढे ढकला), ऑकच्या स्क्रिप्टमध्येही प्रिंटनंतर एफफ्लश (fflush) घाला. उबुंटूवर बहुधा एमऑक (mawk, ऑकचाच एक प्रकार) असतो. तो इनपुटही साठवून ठेवतो, त्याला डब्ल्यू इंटरॅक्टिव्ह (-W interactive) पर्याय लागतो. सॉर्टकडून (ओळी क्रमाने लावणारा प्रोग्राम) अशी अपेक्षा नको; स्टडीन (stdin, त्याचा इनपुट पाइप) बंद केल्याशिवाय तो एक ओळ देणार नाही.

विंडोजवर एन्कोडिंग यूटीएफ-8 स्पष्ट लिहा, नाहीतर ‘हळद’ लिहिताना एरर येऊ शकते किंवा वाचताना भलतीच अक्षरं दिसू शकतात.