पन्नास दिवस उपास करायचा, त्यात प्रेम कुठं आलं?

होटगीरोडकर:
आमच्या कंपनीत केरळचा एक सीनियर आहे, मलंकरा ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. ईस्टरच्या आधी पन्नास दिवस मटण, मासे, अंडी बंद, दूधपण नाही म्हणून चहा कोरा. विचारलं तर म्हणतो हे सगळं प्रेमासाठी. मला काय झेपलं नाही राव. स्वतःचं पोट मारायचं आणि दुसऱ्यावर प्रेम करायचं, संबंध काय? आणि त्यांचे जुने साधू तर वाळवंटात निघून जायचे, तिथं प्रेम कोणावर करणार, दगडावर?

बाळीवेस_बॉय:
आमच्याकडं बघ, एकादशी अन् दुप्पट खाशी 😂

जुनीपुस्तकं:
दगडावर म्हणालास ना, तीच शंका त्यांच्याच सेंट बेसिलनं चौथ्या शतकात काढली होती, एकटाच राहिलास तर पाय कोणाचे धुणार, म्हणजे सेवा कोणाची करणार म्हणून. हा माणूस आत्ताच्या तुर्कस्तानातल्या कैसरियाचा, स्वतः संन्यासी. ३६८-६९ च्या सुमाराला तिथं दुष्काळ पडला तेव्हा श्रीमंतांना झापून धान्याची कोठारं उघडायला लावली आणि कडधान्याच्या आमटीची पातेली मांडून भुकेल्यांना स्वतः वाढायला उभा राहिला. पुढं शहराबाहेर दवाखाना काढला, कुष्ठरोग्यांनापण तिथं घेतलं. उपासाचं म्हणशील तर ताटातलं जे वाचेल ते गरिबाला द्यायचं अशी जुनी रीत आहे, नुसतं वाचवून डब्यात ठेवलं तर ते डाएट झालं.

आणि वाळवंटातले सगळेच काही माणसांना तोडून बसले नव्हते. इजिप्तमधला अब्बा मोझेस, आधी दरोडेखोर होता. एका संन्याशाची चूक झाली म्हणून पंचायत बसली, याला बोलावणं आलं, तर हा गळकी टोपली वाळूनं भरून पाठीवर घेऊन आला. म्हणाला माझी पापं मागं सांडतायत, मला दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला चाललोय. त्या पोराला माफ केलं की मग सगळ्यांनी.

होटगीरोडकर:
हे भारी आहे. पण जुन्या गोष्टी गोडच असतात, अलीकडचं सांगा कोणतरी

रेल्वेलाईन्स:
मदर मारिया स्कोबत्सोवा वाच. रशियन, दोन लग्नं मोडलेली, १९३२ ला पॅरिसमध्ये नन झाली, सिगारेट ओढायची म्हणून लोकं नाकं मुरडायची. बाजारात जाऊन उरलीसुरली भाजी गोळा करायची आणि घरात ठेवलेल्या निर्वासितांना रांधून घालायची. नाझी आल्यावर ज्यू लोकांना लपवलं, पकडली गेली, १९४५ ला राव्हेन्सब्रुकच्या नाझी छावणीत मेली. २००४ ला संत केलं. तुझा सीनियर मलंकरा, ती रशियन परंपरेतली, ही चर्चेस सन ४५१ च्या ख्रिस्ती धर्मपरिषदेनंतर वेगळी झालीत, पण वाळवंटातले साधू त्याच्या आधीचे म्हणून दोघंही मानतात.

आपल्याकडं सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी लोकांना घेऊन तळं खोदलं तेपण भक्तीच की, कष्टाला कमी कुठं लेखलंय.

होटगीरोडकर:
बरोबर. आता कामाचं सांगा, त्याला शेंगा चटणी चालेल का?

रेल्वेलाईन्स:
चालतीय की, दाणे लसूण तिखट, त्यात दूध अंडं कुठंय? भाकरीबरोबर दे, दही तेवढं वाढू नको.