आयडलिंग वाढवून घेणं हा इलाज की नुसतं पांघरूण?

उलटा_पाना: गाडी थांबल्यावर बंद पडते म्हटलं की मेकॅनिकचा हात आधी आयडलिंगच्या (गाडी उभी असताना इंजिन ज्या वेगाने फिरतं त्याच्या) स्क्रूकडे जातो. अर्धा फेरा आत, इंजिन चढ्या आवाजात, गिऱ्हाईक खूश. पण बिघाड होता तिथेच राहतो: पायलट जेट (कार्ब्युरेटरमधलं आयडलला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदलेला, टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) घट्ट झालेले, नाहीतर कार्ब्युरेटर आणि इंजिनामधल्या रबराला चीर. स्क्रूने थ्रॉटल (हवेची झडप) किंचित उघडा राहतो, बाकी काही नाही. वर बोनस म्हणून इंजिन ब्रेकिंग (रेस सोडल्यावर इंजिनाने गाडी रोखणं) कमी होतं आणि पहिला गिअर टाकताना खट्ट आवाज येतो.

जुनी_पण_चालते: पुस्तकी बोलणं आहे हे. कंपनीचा आकडा नव्या इंजिनासाठी असतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, कॉम्प्रेशन उतरलं, की तेच इंजिन 1300 आरपीएमला (मिनिटाला फेरे) थरथरतं आणि 1500 ला शांत चालतं. एवढ्यासाठी हेड खोलायचं का? आणि उलट बाजूचं कोणी बोलतच नाही. धडधड ऐकायला लोक स्लो (म्हणजे आयडलिंगच) पार खाली आणतात. ऑइल पंप इंजिनवरच फिरतो ना? स्लो पाडला की तेलाचा दाब पडतो, चार्जिंगही पडतं.

उलटा_पाना: शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण 1500 हा बऱ्याच सिंगल सिलिंडर बाइकच्या मर्यादेतलाच आकडा आहे, त्यावर माझं भांडण नाही. बोलतोय ते 2000 ला गुरगुरणाऱ्या गाड्यांबद्दल.

बोनेट_उघडा: कारचं सांगतो. इंजेक्शनच्या कारला साधारण 700 ते 900 आयडल असतं आणि ते ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो. एसी लावला की आपोआप वाढवतो, इंजिन थंड असेल तरीही वाढवतो. थ्रॉटल बॉडीवर जो स्क्रू दिसतो तो कारखान्यात बसवलेला स्टॉप आहे, त्याला हात लावू नका. तो फिरवला की थ्रॉटल सेन्सरचं मूळ रीडिंगच सरकतं. आयडल वरखाली होत असेल तर आधी थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करा. साफ केल्यावर काही गाड्यांत आयडल उलट चढतं, कारण घाणीमुळे थ्रॉटल जास्त उघडायची ईसीयूला सवय लागलेली असते. रीलर्न केलं (ईसीयूला आयडल नव्याने शिकवलं) की जागेवर येतं.

जुनी_पण_चालते: इंजेक्शनच्या काही बाइकना कंपनीनेच आयडलचा स्क्रू दिलाय. मग तो काय शोभेला?

बोनेट_उघडा: म्हणून तर 'कारचं' म्हणालो. मॅन्युअलमध्ये दिला असेल तर खुशाल फिरवा.

उलटा_पाना: फिरवा, पण इंजिन पूर्ण गरम झाल्यावर. थंड गाडीवर लावलेलं आयडल गरम झाल्यावर चढणारच. कार्ब्युरेटर असेल तर आधी एअर स्क्रू (मिश्रणातली हवा कमीजास्त करणारा) असा लावा की आरपीएम सर्वांत वर जाईल, आणि मग आयडल खाली आणा. चिरेची शंका असेल तर चालू इंजिनवर रबराच्या सांध्याला कार्ब क्लीनरचा हलका फवारा द्या; आवाज बदलला तर हवा तिथूनच घुसतेय. फवारा सायलेन्सरवर जाऊ देऊ नका, पेट घेतो.

जुनी_पण_चालते: फवारा मारून बघतो. पण रबर ठीक निघालं तर मी 1500 च ठेवणार.

उलटा_पाना: ठेवा की. फक्त पुढच्या महिन्यात 1700 ला नेऊ नका.