मदत हवी आहे: मिग-२१ च्या मॉडेलच्या कॉकपिटमध्ये रेझिनचा टब बसेना

नमस्कार मंडळी, बेळगावहून लिहितोय. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला, तेव्हापासून हे विमान डोक्यात होतं. एडुआर्ड कंपनीचं १/४८ स्केलचं, ‘बिस’ प्रकारच्या मिग-२१ चं प्लास्टिक मॉडेल किट घेतलंय. बायसन (नंतरची सुधारित आवृत्ती) नको, त्यात स्क्रीन आली; मला जुन्या काटेवाल्या डायलचं पॅनलच हवं. म्हणून रेझिनचा टब (कॉकपिटचा तळ आणि बाजू), खुर्ची आणि रंगीत फोटो-एच (पातळ पत्र्याचे कोरीव भाग) वेगळं मागवलं.

अडचण अशी की टब आत ठेवला की फ्युजलाजचे (विमानाच्या धडाचे) दोन भाग मिटत नाहीत, पॅनलच्या पुढे नखभर फट राहते. आतून प्लास्टिक घासून पातळ करू, की टबाच्या कडा उतरवू? टबाच्या कडेवर स्विचची बारीक बटणं आहेत, ती गेली तर एवढा खर्च कशाला केला? घासताना रेझिन ओलं ठेवतो आणि मास्क लावतो, तेवढं सांगू नका.

दुसरं, रशियन कॉकपिटचा तो हिरवट-निळा रंग. खडेबाजारात क्राफ्टचे ॲक्रिलिक मिळतात, पण त्यांतून छापील पॅनलशी जुळणारी छटा कशी काढायची? कुणी मिसळून बघितलं असेल तर प्रमाण सांगा.

आणि फोटो-एच कशानं चिकटवता? फेविक्विकच्या वाफेनं कॅनोपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर) पांढरी साय धरते. पीव्हीए गोंद (फेविकॉलसारखा पांढरा) पॅनलला पुरतो का, की नंतर सुटून येतो? फोटो असतील तर टाका की राव.