जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं ऑईल प्रेशर कमी: तुमचे अनुभव लिहा

कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) शिरतील, काजूच्या उतारावर वळतील असे १८ ते २५ अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर गोव्यात बऱ्याच घरी आहेत, आणि त्यातले कितीतरी आता जुने झालेत. पावसाच्या तोंडावर नांगरट अंगावर आली की नेमका ऑईल प्रेशर कमी असल्याचा लाल दिवा लागतो. गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं: इंजिन खोलावं लागणार. माझं ठाम मत आहे, गेज लावून प्रेशर मोजल्याशिवाय इंजिनाला कुणाला पाना लावू देऊ नये. पण एकट्याच्या मतापेक्षा अनेकांच्या हाताखालून गेलेलं जास्त कामाचं. दिवा लागला तेव्हा इंजिन थंड होतं की तापलेलं, ऑईल कोणतं होतं, शेवटी निघालं काय, एवढं जरूर लिहा, वर आपल्या गावाचं नाव टाका.

फोंडा (सुरुवात मीच करतो)
आमचा तीन सिलिंडरचा, जपानी बनावटीचं इंजिन. ऑईलचा स्विच (प्रेशर कमी झालं की दिवा लावणारा) काढून त्या भोकात साधं काट्याचं गेज बसवलं. इथे एक सांभाळा: जपानी इंजिनांवर बहुधा एक अष्टमांश इंची बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे, निमुळते) आटे असतात. ऑनलाइन मिळणाऱ्या काही गेजांना अमेरिकन एनपीटी आटे येतात. ते दोन फेरे जातात आणि अडतात. जोर लावाल तर ब्लॉकचे आटे जातील.
थंड इंजिनावर प्रेशर उत्तम, तापल्यावर आयडलला (रेस न देता) काटा अर्ध्या किलोच्या (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) खाली. रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारी झडप) खोलला तर बसण्याच्या जागेवर कचऱ्याचा बारीक कण अडकलेला, म्हणून तो पुरता मिटतच नव्हता. साफ केला, स्प्रिंग नवी टाकली. आता तापलेल्या इंजिनावर आयडलला किलोभर आणि रेस दिल्यावर तीनच्या आसपास असतं.

चोडण
खाजनातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतांतल्या) लोकांनी आधी वायर बघा. आमचा दिवा थंड-गरम केव्हाही लागलेलाच. स्विचवरची वायर काढून ठेवली तरी दिवा विझेना, म्हणजे वायरच कुठेतरी बॉडीला लागत होती. क्लिपखाली तिचं आवरण घासून गेलं होतं. याच्या उलट प्रकार जास्त धोक्याचा: खाऱ्या हवेने टर्मिनल गंजतं आणि प्रेशर गेलं तरी दिवा लागतच नाही. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी दिवा लागतो का, हे रोज बघायचं.

वाळपई
आमची बाग उतारावर. चढावर दिवा लुकलुकायचा, सपाटीवर विझायचा. ऑईल पट्टीच्या खालच्या खुणेला होतं, ते भरलं तेव्हा थोडा फरक पडला, पण पूर्ण नाही. चेंबर (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं) उतरवला आणि कारण दिसलं. आधीच्या कामात पॅकिंगला सिलिकॉन भरमसाट लावलेलं, आत आलेला भाग सुटून गाळणीच्या जाळीवर चिकटला होता. नखाने सोलून काढावा लागला. सक्शन पाइपची ओ-रिंगही कडक होऊन चपटी झालेली, तिथून पंप हवा ओढतो. ती स्वस्तात मिळते, चेंबर उतरलाच आहे तर बदलून टाका.

पेडणे
आमच्याकडे ऑईल कमी होण्याऐवजी वाढत होतं! न भरता पट्टीवरची पातळी चढत गेली. बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास डिझेलचा. फीड पंपाचा डायफ्रॅम (डिझेल पुढे ढकलणाऱ्या पंपातला पडदा) फाटून डिझेल चेंबरमध्ये उतरत होतं. काही इंजिनांत डिझेल पंपाच्या सीलमधूनही उतरतं, तेही तपासा. अशा ऑईलवर एक तासही काम करू नका. बेअरिंग तर जातातच, पण पातळी फार चढली तर इंजिन स्वतःचंच ऑईल जाळत सुसाट सुटतं आणि स्टॉप ओढूनही थांबत नाही. आम्ही डायफ्रॅम, ऑईल, फिल्टर बदललं. प्रेशर जागेवर आलं, इंजिन खोललंच नाही.

केपे
आमचे मेस्त्री सांगतात १५डब्ल्यू-४० च्या जागी २०डब्ल्यू-५० (जास्त घट्ट ऑईल) घाला, दिवा जाईल. घालावं का?

फोंडा
ताई, दिवा जाईलही, पण झीज तिथेच राहील. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकून काटा वर नेतात, त्यातलाच हा प्रकार. आधी मोजून घ्या. शिवाय रेडिएटरची जाळी गवताच्या भुशाने तुंबली नाही ना, ते पाहा. इंजिन जास्त तापलं की चांगलं ऑईलही पातळ पडतं.

डिचोली
वरचं सगळं तपासूनही आमचं प्रेशर येईना. फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या, तर त्यात तांबूस चकाकी. बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलेलं. मग मात्र इंजिन खोलण्याला पर्याय नव्हता. क्रँक मायक्रोमीटरने मोजला, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग) ओव्हल निघाले. बेळगावला ग्राइंड करून ०.२५ मिमी अंडरसाइझ (तेवढ्या बारीक झालेल्या क्रँकला बसणारी) बेअरिंग टाकली. कनेक्टिंग रॉडच्या कॅपांची अदलाबदल होऊ नये म्हणून खोलण्याआधीच पंचने खुणा केल्या.
मी ज्यावर अडून बसलो ते म्हणजे ऑईलच्या वाटा. ग्राइंडिंगची पूड क्रँकच्या भोकांत राहिली तर नवी बेअरिंग थोड्याच दिवसांत खलास होतात. त्या वाटांच्या तोंडावरचे सगळे प्लग काढायला लावले, तारेचा ब्रश आणि डिझेलने भोकं धुतली, हवा मारली. पंपाचे रोटर फीलर गेजने तपासून व्हॅसलीन भरून बसवले, म्हणजे पंप सुक्याने फिरत नाही. सुरू करण्याआधी स्टॉप ओढून थोडं थोडं स्टार्टर मारत राहिलो, काटा हलल्यावरच इंजिन चालू केलं.
५० तासांनी ऑईल बदललं, फिल्टर पुन्हा कापला, आत चकाकी नव्हती. गेज मात्र काढलं नाही, डॅशबोर्डशेजारी पट्टी मारून कायमचं बसवलंय.