मालवणच्या प्रवाळासाठी आपण पैसे का द्यायचे?

राजारामपुरीकर: काल एकानं इथं लिहिलं, "मालवणला स्कूबाच्या तिकिटावर शंभर रुपये प्रवाळ निधी लावा म्हणतात. आमच्या खिशाला कात्री का? सरकार हाय की!" वाचून डोकंच फिरलं. सरकारनं १९८७ ला तिथं सागरी अभयारण्य जाहीर केलं, २९.१२ चौरस किलोमीटर. पुढं यूएनडीपीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, प्रकल्प आला, प्रवाळाचं रोपणही झालं. प्रकल्पाची मुदत संपल्यावर पाण्याखाली जाऊन बघायला बोटीचं डिझेल कोण भरणार? कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर १९९२ पासून डायव्हरकडून फी घेतात, सागरी उद्यान त्यावर चालतं. शनिवारी गगनबावड्यातून मालवणला उतरणाऱ्या एमएच-०९ च्या गाड्या आपल्याच कोल्हापूरच्या ना?

पंचगंगा घाट: आधी आपली नदी बघा. २०१२ ला इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली. माझी मावशी तेव्हा दवाखान्यात होती, डोळे हळदीसारखे. समुद्राचा पुळका नंतर.

राजारामपुरीकर: पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, मालवणला नाही. विषय भरकटवू नका.

शिवाजी पेठ: भरकटवत न्हाई भावा. शहराचं सांडपाणी घिऊन जयंती नाला अजून नदीत जातोय. इथं निधी जिरतो, तिथं टिकंल कशावरनं?

पंचगंगा घाट: बरोबर. मावशी गेली असती तर शंभर रुपयांची पावती दाखवली असती का?

राजारामपुरीकर: आजारी माणसाला मधे आणून मला गप्प करू नका!

माहेर दांडी: दोघंही थांबा. माझा भाऊ मालवणच्या दांडी किनाऱ्यावर मासेमारी करतो. अभयारण्य आलं तेव्हा आमच्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून फीला तो आधी विरोधच करायचा. मग एका बोटवाल्यानं त्याच्यासमोर खडकावर नांगर टाकला. वर ओढला तर फाळात प्रवाळाचा ताजा मोडका तुकडा. तिथं बोट अडकवायला कायमचे तरंगते बॉये बांधले तर नांगर टाकावाच लागत नाही. पण पैसा ट्रेझरीत गेला तर बॉयाचा दोर तुटल्यावर वर्षभर मंजुरीची वाट बघायची. मच्छीमारांच्या समितीचं खातं हवं, हिशेब गावात वाचायचा.

शिवाजी पेठ: आणि पाणी तापून प्रवाळ पांढरं पडलं तर? शंभर रुपयांत समुद्र थंड करणार?

माहेर दांडी: नाही होणार. म्हणून नांगरानं मोडू द्यायचं का? आधीच मोडलेलं प्रवाळ उन्हाळ्यात तग धरेल का, दादा?

शिवाजी पेठ: बरं ताई, देतो शंभर. पावती समितीचीच पाहिजे, सरकारी शिक्क्याची नको.

पंचगंगा घाट: मीही देईन. पण उद्या जयंती नाल्यावर धागा काढतोय, राजारामपुरीकरांनी तिथंही एवढंच लांब लिहायचं.