केस गळण्याचे मूळ कारण शोधताना सुरुवात कुठून करावी?

मोगरा (प्रश्न):
माझे वय 37 असून मी सोलापुरात शिक्षिका आहे. गेले सात महिने, म्हणजे एप्रिलच्या अखेरीपासून, माझे केस सतत गळत आहेत. न्हाणीघराच्या जाळीवर प्रत्येक वेळी पुंजका साचतो आणि वेणी पूर्वीच्या निम्मी राहिली आहे. चाई पडलेली नाही, कोंडा किंवा खाज नाही, भांगही विशेष रुंदावलेला नाही. केस डोकेभर सारखेच विरळ झाले आहेत. कांद्याचा रस, माक्याचे तेल आणि तीन प्रकारचे शाम्पू वापरून झाले. चार महिन्यांपासून औषधाच्या दुकानातून आणलेली 10 मिलिग्रॅम बायोटिनची (केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या ब गटातील जीवनसत्त्वाची) गोळी रोज घेते आहे.

हिमोग्लोबिन 12.1 आले, म्हणजे ते ठीक आहे असे सांगण्यात आले. थायरॉईडच्या तपासणीत मात्र टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारे संप्रेरक) 0.2 इतके कमी आणि टी-4 (थायरॉईडचे स्वतःचे संप्रेरक) वाढलेले आले, त्यामुळे थायरॉईडची ग्रंथी जास्त काम करत असावी, असा आमच्या डॉक्टरांचा अंदाज आहे. मला मात्र धडधड होत नाही, वजन उतरलेले नाही आणि हातही थरथरत नाहीत. फेब्रुवारीत मला टायफॉईड झाला होता, पण त्याला आता बराच काळ लोटला आहे. औषध सुरू करण्यापूर्वी आणखी कोणत्या तपासण्या कराव्यात, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

परीक्षानळी:
मोगराताई, मी 22 वर्षे पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे. आपला प्रश्न वाचताना माझी नजर थायरॉईडच्या आकड्यांआधी त्या गोळीवर गेली. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते आणि आपण त्याच्या तीनशे पटींहून अधिक घेत आहात. थायरॉईडच्या अनेक तपासण्यांच्या रसायनांत बायोटिनच वापरलेले असते, त्यामुळे रक्तात ते मोठ्या प्रमाणात असले की यंत्राची दिशाभूल होते: टीएसएच खोटेच कमी दिसते आणि टी-4 खोटेच वाढलेले दिसते, म्हणजे आपल्या अहवालात आहे अगदी तसेच. सगळ्याच यंत्रांवर हे घडत नाही, पण आजाराचे एकही लक्षण नसताना असे आकडे आले, तर हा संशय आधी फेडून घ्यायला हवा. गोळी किमान दोन दिवस, आणि इतक्या मात्रेनंतर आठवडाभर बंद ठेवून तपासणी पुन्हा करून घ्यावी आणि रक्त देताना गोळीविषयी सांगावे. रक्त घेणारा सहसा मधुमेहाच्या औषधांची चौकशी करतो. केसांच्या गोळीला लोक औषध मानत नाहीत, म्हणून ती कोणी सांगतही नाही.

निशिगंध:
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. डोके प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरीही विचार कोणत्या क्रमाने करावा हे सांगता येईल.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केस काही वर्षे वाढून, सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन मग गळतो, त्यामुळे दिवसाला 50 ते 100 केस जाणे स्वाभाविक आहे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा वजन घटवण्यासाठी केलेली उपासमार यांमुळे एरवी वाढीच्या अवस्थेत राहिले असते असे बरेच केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळू लागतात. आपल्याला ताप फेब्रुवारीत आला आणि केस एप्रिलच्या अखेरीस गळू लागले. हा हिशेब जुळतो, म्हणून टायफॉईडला "बराच काळ लोटला" म्हणून बाजूला सारू नका. रुग्णाला मी आधी तेलाविषयी विचारत नाही. गळती सुरू होण्याच्या तीन महिने आधी घरात काय घडले, हे विचारते.

मात्र तापाने सुरू झालेली गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत ओसरते. ती त्यापुढे रेंगाळली तर दुसरे कारण आहे का, हे पाहावे लागते, आणि आपल्या वयाच्या स्त्रियांमध्ये माझा पहिला संशय लोहावर असतो. हिमोग्लोबिन ठीक असले म्हणजे लोह पुरेसे आहे, असे नाही. शरीर आधी साठा खर्च करते आणि हिमोग्लोबिन त्यानंतर उतरते. साठा फेरिटिनच्या तपासणीत कळतो. काही अहवालांत 15 च्या आसपासचा आकडाही सामान्य म्हणून छापलेला असतो, परंतु केस गळत असताना तो 30-40 च्या वर असावा, असे आमच्यापैकी अनेक जण मानतात. अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन वाढलेले दिसू शकते, म्हणून तपासणी बरे वाटत असताना करावी. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे आपण लिहिलेले नाही. ते अवश्य सांगावे. पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर लव वाढली असेल, तर तपासणीची दिशा वेगळी असते. भांग रुंदावणे हे आनुवंशिक विरळपणाचे लक्षण आहे. आपल्याकडे ते नाही, ही चांगली गोष्ट.

शेगावकर:
विषय कारण शोधण्याचा आहे, म्हणून आमच्याकडचे उदाहरण सांगतो. डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतील लोकांचे केस अवघ्या तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडू लागले. आधी बोट शाम्पूकडे गेले, मग बुरशीकडे आणि मग पाण्याकडे. पाण्यात नायट्रेट जास्त निघाल्यावर तेच कारण असल्याचे बहुतेकांना पटले. पुढे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासून त्यांत सेलेनियम खूप वाढल्याचे व जस्त कमी असल्याचे मांडले आणि त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. नंतर काहींची नखेही गळू लागली, आणि सेलेनियमच्या विषबाधेत केसांबरोबर नखेही जातात. ताईंचा प्रकार वेगळा आहे, पण केसांसाठीच्या अनेक गोळ्यांत सेलेनियम आणि अ जीवनसत्त्वही असते आणि या दोन्हींचा अतिरेक केस घालवतो. वेष्टनामागचा मजकूर एकदा वाचून घ्यावा.

माका_जास्वंद:
आमच्या आजीने आयुष्यभर जास्वंदीचे तेल लावले आणि तिची वेणी साठीतही जाड होती, त्यामुळे या सगळ्या तपासण्या मला अनाठायी वाटतात.

निशिगंध:
तेल अवश्य लावावे. केस मऊ राहतात आणि तुटतात कमी. मुळापासून गळणाऱ्या केसांचे कारण मात्र शरीरात असेल, तर तेलाला तिथे पोहोचता येत नाही.

मोगरा:
सर्वांचे आभार. आठवडाभर गोळी बंद ठेवून दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासणी केली, टीएसएच 2.3 आणि टी-4 सामान्य आले. फेरिटिन मात्र 9 निघाले. निशिगंधताई, दोन वर्षांपासून पाळी सात-आठ दिवस चालते आणि अंगावरून खूप जाते. केसांशी त्याचा संबंध असेल, असे मनातही आले नव्हते, म्हणून लिहिले नाही. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली असून स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार सुरू झाले आहेत. लोहाची गोळीही सुरू आहे. जेवणाबरोबर चहा घेण्याची सवय मोडायला डॉक्टरांनी सांगितले आहे, कारण चहामुळे लोह कमी शोषले जाते. शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा आणि चहा एकत्रच येतो, त्यामुळे हेच सर्वांत अवघड जात आहे. फेरिटिन तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे आहे. केस अजून गळतच आहेत, आकडा आला की इथेच कळवीन.