युद्धानंतर पडलेली वारसा वास्तू: आधी नोंद की आधी उभारणी?
(चौघांची चर्चा; प्रत्येक मताच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव.)

चुनखडी
तोफा थांबल्या की ढिगारा उपसायला पोकलेन येतं आणि बॉम्बमधून वाचलेला कोरीव दगड त्याच्या दातांखाली फुटतो. म्हणून माझं ठाम मत: नोंद पुरी झाल्याशिवाय एकही दगड हलवू नये. बॉम्बशोधक पथकाने जागा मोकळी केली की दोऱ्या ताणून दोन-दोन मीटरचे चौकोन आखा. ड्रोनचे फोटो एकमेकांवर ऐंशी टक्के चढतील असे घ्या. प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, चौकोन आणि वर कोणती बाजू होती ते लिहा. क्रमांक मागच्या ओबडधोबड अंगावर, कोरीव कामावर कधीच नाही.

नोंद गेली तर काय होतं ते कंबोडियात अंगकोरच्या बाफुओन मंदिरात दिसलं. १९६०च्या दशकात सुमारे तीन लाख दगड उतरवून ठेवले होते. ख्मेर रूज या तिथल्या कट्टर राजवटीच्या काळात कागदपत्रं नष्ट झाली. १९९५ला पुन्हा हात घातला, तेव्हा एकेक दगड मापून जोडीदार शोधावा लागला. काम २०११ला संपलं.

टेकू
‘एकही दगड नाही’ हे मला अजिबात मान्य नाही. ढिगाऱ्याखाली माणसं असतात, लोकांच्या घरी जायच्या वाटा असतात. शिवाय भिंतीचा माथा उघडा राहिला की एका पावसात पाणी आतल्या भरावात शिरतं, चुना धुपतो, बाहेरचा थर पोट काढतो आणि मग सबंध भिंत बसते. पहिल्या आठवड्यात लाकडी टेकू आणि माथ्यावर ताडपत्री, नोंद सोबतीने. आणि चोर? पडून राहिलेल्या ढिगातून मूर्तींची सुटी शिरं, छोटे शिलालेख आधी जातात.

चुनखडी
लाकडी टेकू मान्य. माणसांचा शोध तर सगळ्यात आधी, पण वारसा वास्तूत तो हातांनी, बादल्यांनी व्हावा. ताडपत्री मात्र दगडाला चिकटवून गुंडाळू नका. आत ओल कोंडते, सुकताना क्षार पृष्ठभागावर स्फटिक होतात आणि नक्षीचे पापुद्रे सुटतात. वीतभर अंतर, कडा उघड्या.

‘बॉम्ब काढून मोकळी केलेली जागा’ या शब्दांवरही फार विसंबू नका. इराकमधल्या मोसुलच्या अल-नूरी मशिदीचा अल-हदबा मिनार जून २०१७मध्ये उडवला गेला. त्याच मशिदीच्या भिंतीत लपवलेले पाच बॉम्ब सापडले ते २०२४मध्ये!

जुना ओळंबा
दोघेही एक गोष्ट सोडताय: जपलेला दगड पुन्हा भार घेईल का? आगीत तापलेला चुनखडक गुलाबी-लालसर होतो. हातोडीने टिचकी मारा. धडका दगड खणखणतो, आतून तडकलेला बद्द वाजतो. असा दगड कमानीत घातला तर कमान जाईल. तो संग्रहालयात ठेवा.

बोस्नियातल्या मोस्तारचा जुना दगडी पूल युद्धात ९ नोव्हेंबर १९९३ला पडला. नेरेत्वा नदीतून दगड काढले, पण बहुतेक पुन्हा वापरण्याजोगे नव्हते. २००४चा पूल त्याच जातीच्या नव्या दगडात उभा राहिला, लोखंडी क्लॅम्प शिसं ओतून बसवले.

आणि दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरू नका. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं, ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, मग दगडच झिजतो.

टेकू
मोस्तार माझ्याच बाजूने बोलतं. दगड नवे, पण पुलावरून लोक पुन्हा जाताहेत.

रिकामा कोनाडा
मग अफगाणिस्तानातलं बामियान? २००१मध्ये कड्यातल्या कोनाड्यात कोरलेली ५५ मीटरची बुद्धमूर्ती उडवली, बराच भाग भुगा झाला. १९६४ची व्हेनिस सनद, म्हणजे स्मारकांच्या जतनाचे आंतरराष्ट्रीय नियम, उत्खनित अवशेषांबाबत फक्त सुटे झालेले मूळ भाग जुळवायला परवानगी देते. तो नियम इथे लावला तर नवी मूर्ती ही प्रतिकृतीच ठरेल. तिथे स्फोटाने तडकलेला कोनाडा लोखंडी सळ्यांनी आणि ग्राउटने (फटीत ओतायच्या पातळ मसाल्याने) धरून ठेवणं हेच खरं काम आहे.

टेकू
बामियानला पटतं, मालीतल्या टिंबक्टूला नाही. २०१२मध्ये तोडलेल्या समाधी २०१५पर्यंत स्थानिक गवंड्यांनी मातीत पुन्हा बांधल्या. मातीच्या भिंतीला तसाही वरचेवर नवा लेप द्यावा लागतो. तिथे मूळपण गवंड्यांच्या हातात आहे, सुट्या तुकड्यात नाही.

चुनखडी
टिंबक्टू मान्य. पण मातीच्या भिंतीचा नियम घडीव दगडाला लावू नका. लेप पुन्हा देता येतो, छिन्नीची मूळ खूण नाही.